पैसे घेण्याआधी नोंदणी क्रमांक सांगा

प्रति,
राज्यातल्या वैद्यकीय, आयुर्वेद आणि होमिओपॅथी नोंदणी परिषदांचे अध्यक्ष व प्रबंधक,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभागाचे सचिव, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात, धानाच्या पट्ट्यातल्या एका गावात माझं औषधाचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन चौकटी लावलेल्या आहेत. एकीत दुकानाचा परवाना, दुसरीत औषधनिर्माता म्हणून माझी नोंदणी. येणाऱ्याला दिसतील अशाच जागी त्या लावाव्या लागतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांप्रमाणे अंगावर पांढरा कोट आणि कोटावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला हवा. शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीतलं एखादं अँटिबायोटिक दिलं की लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते वेगळ्या वहीत टिपायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. यातल्या कशाचीही मला तक्रार नाही. माणसाच्या पोटात जाणारी गोष्ट विकणाऱ्याला एवढं बंधन असलंच पाहिजे.

पण माझ्याच गिऱ्हाइकांना मोबाइलवरून आजारपणाचा सल्ला विकणाऱ्याला यातलं काहीच दाखवावं लागत नाही. निदान दाखव म्हणून त्याला कुणी विचारत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. ती एसएस, म्हणजे नुसती वाहक नाही, आजार असलेली, लाल कार्डाची. आमच्या पूर्व विदर्भात हा आजार घराघरांतून आहे, तुम्हाला तो नव्याने सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडच्या आया पोराचे हातपाय ठणकायला लागले की पहिली शंका हीच घेतात. भाचीला सरकारी दवाखान्यातून हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल चालू होती. या औषधाने रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, पेशी कमी वाकतात, दुखण्याचे झटके कमी होतात. मधूनमधून रक्त तपासून घ्यावं लागतं, तेही ती करायची. आधी वर्षातून चार-पाच वेळा भरती व्हावं लागायचं, औषध लागल्यावर दीड वर्षात एकदाच झाली. शाळा सुरळीत चालू होती.

मागच्या वर्षी रोवणी आटोपल्यावर आमच्या जावयाने, म्हणजे भाचीच्या बापाने, मोबाइलवर एकाचा व्हिडिओ पाहिला. नावाआधी डॉ., गळ्यात स्टेथोस्कोप, मागच्या भिंतीवर सोनेरी शिक्क्याची प्रमाणपत्रं. नावापुढे एम.डी. आणि त्याच्यापुढे कंसात दोन अक्षरं. 'सिकलसेल मुळापासून' असा नव्वद दिवसांचा कोर्स, फी साडेसात हजार रुपये. बहिणीने ते पैसे बचत गटातून उचलले. ज्या खात्यात ते गेले त्याच्यावर त्या डॉक्टरचं नाव नव्हतं, वेगळ्याच कुणाचं होतं. पावती आली नाही. जावयाकडे आहे तो पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट.

त्या कोर्समध्ये काढे होते, एक पावडर होती, आहाराचा तक्ता होता. जावयाने तो तक्ता मला आणून दाखवला. मी वाचला आणि म्हणालो, यात अपायकारक असं काही दिसत नाही. नियमाची कॅप्सूल चालू आहे ना, हे मी विचारलं नाही. ती सरकारी दवाखान्यातून यायची, माझ्या दुकानातून नाही, त्यामुळे ती कधी थांबली हे मला कळलंच नाही. पहिल्याच आठवड्यात त्या माणसाने 'केमिकल' म्हणून ती बंद करायला लावली होती. मी विचारायला हवं होतं. हे मी स्वतःलाही सांगतो आहे, आणि तुम्हालाही आधीच सांगून ठेवतो.

दीडेक महिन्याने पोरीचे पाय दुखायला लागले. जावयाने त्या नंबरवर कळवलं. उत्तर तात्काळ आलं, 'घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडते आहे, औषध लागू पडल्याची खूण आहे.' रात्री दोनला छातीत दुखतं म्हणून कळवलं, तरी त्याच मिनिटाला उत्तर, तेच. पलीकडे माणूस होता की यंत्र, आम्हाला आजही माहीत नाही. पहाटे पोरीला श्वास घेता येईना तेव्हा बहिणीने मला उठवलं. गाडी करून तालुक्याला, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. सिकलसेलमध्ये छातीत असा झटका आला तर जीव जाऊ शकतो. ऑक्सिजन आणि रक्त मिळालं, पोर वाचली. सहामाही परीक्षा बुडाली, दिवाळी वॉर्डात गेली. बचत गटाचा हप्ता अजून चालू आहे.

परत आल्यावर मी जावयाला रागावलो. तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "भाऊ, पैसे घेतले म्हंजे खराच असंन असं वाटलं मले. फुकटात सांगनाऱ्याचं कोन आयकते?"

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. जावई अडाणी नाही, बारावी झालेला आहे, पाच एकराची शेती हिशेबाने करतो. गावात माणूस कुणावर कसा विश्वास टाकतो हे तुम्ही मुंबईतून पाहिलं तर तो भोळा वाटेल. तसं नाही. इथे जुन्या काळापासून बिनडिग्रीचे डॉक्टर होते, सायकलवर पेटी बांधून यायचे, काही अजूनही आहेत. मी त्यांची बाजू घेत नाही, त्यांच्या सुयांनी आलेली गळवं मी पाहिली आहेत. पण त्यांच्यावर लोक विश्वास टाकत त्याला एक आधार होता. त्याचं घर कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोराला काही झालं तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येत होतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. मोबाइलवरच्या माणसाला घर नाही. मग त्या घराच्या जागी लोक जे दिसेल ते धरतात. पांढरा कोट, भिंतीवरची चौकट, लाखांनी पाहणारे, बरे झालेल्यांचे व्हिडिओ आणि फीचा आकडा. आकडा जितका मोठा तितका माणूस मोठा.

या सगळ्यात एकच खूण खरी आहे, नोंदणी क्रमांक. प्रमाणपत्र म्हणजे तो काय शिकला, आणि शनिवार-रविवारच्या वर्गाचंही प्रमाणपत्र मिळतं, त्यावरही सोनेरी शिक्का असतो. नोंदणी म्हणजे तो कुणाला जबाब देतो. ती दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, चूक झाली तर निलंबित होते, रद्द होते. मोबाइलवरच्या डॉक्टरचं घर असलंच तर ते तुमच्या नोंदवहीत आहे. आणि नेमकी हीच खूण आमच्या गावापर्यंत पोचलेली नाही. गेल्या सहा महिन्यांत दुकानात आलेल्या शंभरावर माणसांना मी सहज विचारलं, डॉक्टरला नोंदणी क्रमांक असतो हे माहीत आहे का? हो म्हणणारे दोघे निघाले. एक शिक्षक, दुसरी आमची आशाताई.

नियम नाहीत असं मी म्हणत नाही. उलट नियम वाचले तेव्हाच मला जास्त वाईट वाटलं. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवर दाखवायचा, हे २००२ च्या आचारसंहितेतच आहे. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत म्हटलं आहे की डॉक्टरने सल्ला सुरू करताना आपलं नाव आणि शिक्षण सांगायचं, व्हॉट्सॲप आणि ईमेलवरही नोंदणी क्रमांक द्यायचा, फीची पावती द्यायची. डॉक्टरांची यादी दाखवणाऱ्या प्लॅटफॉर्मने प्रत्येकाची नोंदणी आधी तपासायची. यंत्राने स्वतःहून रुग्णाला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहायचं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठीही सांगितलं की पात्रता असेल तर ती उघड करा, नसेल तर आपण तज्ज्ञाची जागा घेत नाही हे स्पष्ट सांगा. मधुमेह बरा करून देतो अशी औषधाची जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे. माझ्या मोबाइलवर ती आठवड्यातून चारदा येते.

आता माझ्या तक्रारी. पहिली सगळ्यात मोठी आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

भाची घरी आल्यावर मी त्या माणसाचा शोध घ्यायला बसलो. नाव इतकं सर्रास की नोंदवहीत त्या नावाचे कितीतरी निघाले, त्यातला हा कोणता, की कोणताच नाही, हे क्रमांकाशिवाय कळायला वाट नाही. कंसातल्या दोन अक्षरांचा अर्थ 'अल्टरनेटिव्ह मेडिसिन' असा निघाला. अशा एम.डी.वर वैद्यक परिषदेची नोंदणी मिळत नाही, हे मला माहीत होतं, जावयाला कसं असणार? मग मी तक्रार केली. एका कार्यालयात सांगितलं, हा आमच्या यादीत नाही, यादीतल्यावरच आम्ही कारवाई करू शकतो. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, त्याने ॲलोपॅथीचं औषध कुठे लिहून दिलं? बंद करायलाच तर सांगितलं. तिसरीकडे विचारलं, पैसे तुम्ही तुमच्या मर्जीने पाठवले ना? या कार्यालयांची नावं मी इथे घेत नाही. तिथली माणसं उद्धट नव्हती, त्यांच्या कागदात हा माणूस बसतच नव्हता. पण तुम्ही एकदा बघा काय होतं आहे. जो शिकला, ज्याने नोंदणी केली, त्याच्यावर तुमचा धाक. ज्याने नोंदणीच केली नाही, तो त्याच कारणाने तुमच्या हाताबाहेर. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही लिहिलं आहे. ते कलम लावायचं कुणी, आणि सिकलसेलच्या पोरीची कॅप्सूल फोनवरून बंद करणं ही वैद्यकी आहे की नाही हे ठरवायचं कुणी? मला तीन दारांतून परत पाठवलं तेव्हा एवढंच उत्तर हवं होतं.

दुसरी तक्रार बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समित्यांबद्दल. जिल्ह्याला, तालुक्याला त्या आहेत, चांगली गोष्ट आहे. पण त्या दवाखाना शोधतात. दार, पाटी, इंजेक्शनची पेटी. ज्याचा दवाखाना जावयाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे त्याच्यावर धाड कुठे घालणार?

तिसरी नोंदणीकृत डॉक्टरांबद्दल आहे, आणि ती मी नाराजीने लिहितो, कारण या डॉक्टरांवर माझा विश्वास आहे. खरोखरीचे डॉक्टरही व्हॉट्सॲपवर औषधं लिहून पाठवतात. कागदाचा फोटो, कधी नुसती चार ओळींची यादी, खाली क्रमांक नाही, तारीख नाही. मी औषध देत नाही म्हटलं की गिऱ्हाईक माझ्यावर चिडतं, "डॉक्टरनंच तर धाडलं न भाऊ!" तुमचे खरे लोकच क्रमांक लिहीत नसतील तर क्रमांक नसणं ही खोट्याची खूण कशी ठरणार? नोंदणी असलेल्यांनी ही एक ओळ लिहिण्याचा आळस सोडला तर गावातला माणूस उरलेल्यांना आपोआप ओळखेल.

चौथी, तुमच्या नोंदवह्या वेगवेगळ्या आहेत. ॲलोपॅथीची एक, आयुर्वेदाची दुसरी, होमिओपॅथीची तिसरी, दातांची आणखी वेगळी. कुठे शोधायचं हे कळण्यासाठी आधी तो कोण आहे हे माहीत असावं लागतं, आणि तेच तर शोधायचं असतं. दवाखान्याच्या दारात क्यूआर कोड लावून डॉक्टरची नोंदणी पाहता यावी अशी सोय वैद्यक परिषदेने काढली, ती चांगली आहे. पण व्हिडिओतल्या माणसाच्या दारात मी मोबाइल कसा धरू?

मी ऑनलाइन सल्ल्याच्या विरोधात नाही, हे इथे सांगायलाच हवं. नागपूर आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. नागपूरला जाणारी रेल्वेची छोटी लाईन रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली तेव्हापासून गरीब माणसाची स्वस्तातली वाट गेली. दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, भाडं आणि सोबतीच्या माणसाचीही मजुरी. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरचा फुकट सल्ला मिळतो आणि उपकेंद्रातल्या बाई तो लावून देतात, तेव्हा कितीतरी म्हाताऱ्यांची खेप वाचते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या आईच्या पायावरच्या चट्ट्यासाठी आम्ही नागपूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा व्हिडिओवर सल्ला घेतला, पाचशे रुपये भरून. त्यांनी पहिल्यांदा काय केलं? आपलं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, क्रमांक सांगितला, आणि तो स्क्रीनवरही दाखवला. मग दोन मिनिटं पाय बघितला आणि म्हणाल्या, "आजी, हे मला फोनवर नीट कळत नाही. हात लावून बघावं लागेल, एकदा या. आजचे पैसे तेव्हा धरून घेऊ." आई फोन ठेवल्यावर म्हणाली, "बाई खरी आहे. जे कळत नाही ते सांगते." आम्ही गेलो. तिने सांगितलेलं सगळं आई अजूनही पाळते.

दोघांनीही पैसेच घेतले होते. एकीने पैसे घेण्याआधी आपण कुणाला बांधील आहोत ते सांगितलं, आणि म्हणूनच तिला 'मला कळत नाही' असं म्हणता आलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

राज्यातल्या रुग्णाकडून पैसे घेऊन आजारावर सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने, पैसे घेण्याआधी, मराठीत, मोठ्या अक्षरांत नाव, शिक्षण, परिषद आणि नोंदणी क्रमांक दाखवावा. जो डॉक्टर नाही त्याने 'मी डॉक्टर नाही, चालू औषध बंद करायला मी सांगू शकत नाही' हे त्याच जागी लिहावं. आहार सांगणारे, योग शिकवणारे यांना कुणी अडवत नाही, त्यांनी आपलं नाव आपल्या कामाने सांगावं एवढंच.

सगळ्या परिषदांची मिळून एकच शोधण्याची जागा करा, मराठीत. आणि ती फोनवरून चालली पाहिजे, कारण फॉर्म भरणं सगळ्यांना जमत नाही. आरोग्य सल्ल्यासाठी १०४ क्रमांक राज्यात आहेच. त्या क्रमांकावर माणसाने फोन करून 'अमुक क्रमांकाचा डॉक्टर खरा आहे का' विचारलं तर दोन मिनिटांत हो-नाही कळावं. याला नवं खातं लागत नाही.

तक्रारीला एकच दार ठेवा. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने ती घ्यावी, पोच द्यावी, आणि कुठल्या कायद्यात बसते हे त्यांनी शोधून पुढे पाठवावं. ते शोधण्याचं काम रुग्णाच्या बापाचं नाही. तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावं, नकार असला तरी. बोगस डॉक्टर समित्यांच्या कामात ऑनलाइन सल्लाही लेखी धरावा.

आणि एक फलक. प्रत्येक उपकेंद्रात, ग्रामपंचायतीत, औषध दुकानात. कुठली अक्षरं नावापुढे असली तर माणूस नोंदणीकृत डॉक्टर असू शकतो आणि कुठली असली तरी तो नसतो, क्रमांक कसा विचारायचा, आणि सिकलसेल, मधुमेह, रक्तदाब, फिट, टीबी यांचं चालू औषध फोनवरच्या कुणाच्याही सांगण्यावरून, आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. फलकाचा मजकूर तुम्ही द्या, तालुक्यातले आम्ही औषध विक्रेते स्वखर्चाने छापू. हे काम मात्र आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म म्हणून टाकू नका, त्यांच्याकडे आधीच पुरेसे आहेत.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. क्रमांक नसलेली मोबाइलवरची चिठ्ठी मी घेत नाही, आणि कुणी ऑनलाइन कोर्सचा तक्ता आणला तर आधी विचारतो, आधीची कुठली गोळी बंद केली? गेल्या चार महिन्यांत तीन जणांनी बंद केलेली निघाली. दोघांची रक्तदाबाची होती, एकीची मिरगीची.

शेवटी नावाबद्दल. क्रमांक दाखवा म्हणणाऱ्या माणसाने स्वतःचं नाव झाकून ठेवणं बरं दिसत नाही, मला कळतं. तुम्हाला टपालाने पाठवलेल्या प्रतीवर माझं नाव, पत्ता, मोबाइल आणि नोंदणी क्रमांक सगळं आहे, सोबत पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आणि रात्री दोनच्या निरोपाची प्रतही आहे. इथे नाव देत नाही, कारण माझ्या नावावरून भाची ओळखू येईल. लाल कार्डाच्या मुलीचं लग्न जमवताना काय काय ऐकावं लागतं ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. कॅप्सूल पुन्हा चालू झाली आहे, ती दहावीला बसली आहे.

तुमचं उत्तर आलं की ते मी दुकानाच्या भिंतीवर लावणार आहे, त्या दोन चौकटींच्या शेजारी. जागा रिकामी ठेवली आहे.

आपला,
एक नोंदणीकृत औषधनिर्माता
तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर